परबबाईंची जुळी

मुलुंड पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालिकेची एक मराठी शाळा होती. त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या निम्म्याअधिक मुलांचा जन्म एक जूनचा आहे. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. हात आहे तो मालन काशीराम परब यांचा, म्हणजेच परबबाईंचा.

जून महिना आला की बाई शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसत. समोर जनरल रजिस्टर. त्यात एकदा मुलाचं नाव आणि जन्मतारीख चढली की ती तारीख थेट त्याच्या पेन्शनपर्यंत सोबत करते. मिठागरावर राबणारी, कारखान्यांत हमाली करणारी, गावाहून नुकतीच आलेली माणसं पोरांना घेऊन रांगेत उभी राहत. जन्माचा दाखला दहांत एकाकडे असला तर असायचा. आई सांगे, ह्याच्या वेळी आमची म्हैस व्यायली होती. बाप सांगे, गणपती येऊन गेले होते बहुतेक. बाई दोघांचंही मान हलवत ऐकून घेत आणि पोराला म्हणत, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण. नाही टेकली तर पुढच्या वर्षी या. वर्ष कानाने ठरायचं आणि तारीख ठरलेलीच असायची, एक जून. शाळा जूनमध्येच उघडते, मोजायला सोपं जातं आणि त्या तारखेवरून भांडायला कुणी येत नाही. शिक्षकांच्या खोलीत तर म्हणच पडली होती: जन्म देते आई, तारीख देते परबबाई.

ही युक्ती बाईंच्या डोक्यातून निघालेली नव्हती. गावोगावचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले होते. खुद्द बाईंची तारीखही मालवणजवळच्या एका मास्तरांनी अशीच टाकलेली. पण बावीस वर्षं हे काम केल्यामुळे त्यांना त्याचा अभिमान भारी. कान खोटं बोलत नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. एकूणच बाईंच्या तोंडी ‘चुकलं’ हा शब्द दुसऱ्यांसाठी राखीव असे. अंगाने भरलेल्या, आवाज असा की व्हरांड्यातून हाक मारली तर नाक्यावरचा पेरूवाला चपापून मागे बघे. बाप धोंडू लालबागच्या गिरणीत मागावरचा साचेवाला होता. त्याच्या सहा मुलांत एकटी मालन शिकली, मास्तरीण झाली, आणि शिक्षणाशिवाय जगात दुसरं काही खरं नाही असं तिचं तेव्हापासूनचं ठाम मत. नवराही गिरणीतलाच. ब्याऐंशीच्या संपात काशीरामची गिरणी सुटली ती सुटलीच. मग त्याने मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं काम धरलं आणि संध्याकाळचा स्वयंपाक आपणहून अंगावर घेतला. बाईंच्या मते संपाचा एवढा एकच फायदा झाला. काशीरामच्या हातचं माशांचं तिखलं त्यांच्यापेक्षा सरस होतं.

तर १९८५ च्या जूनमध्ये, रांग संपत आली असताना, अण्णा दोन मुलांना घेऊन आले. अण्णा म्हणजे मुलुंडमधला एक सज्जन विधुर. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. एकाहत्तरच्या लढाईत बाप गमावलेली आणि पुढे आईलाही मुकलेली तीन भावंडं त्यांनी घरी आणून ठेवली, आणि त्यातून हळूहळू त्यांच्या बैठ्या घराचंच बालगृह झालं. पंचाऐंशी साली तिथे अकरा मुलं होती आणि त्या सगळ्यांची पोटं आणि नाकं सांभाळायला शेवंतीबाई नावाच्या एक दणकट बाई. आता आली ती बारावी आणि तेरावी.

ही दोघं श्रीलंकेतली होती, जाफन्याकडची तामीळ मुलं. अण्णांचे जुने सहकारी नटराजन बदली होऊन मद्रासकडे गेले होते. रामेश्वरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत त्यांना ही भावंडं दिसली आणि त्यांनी ती नात्यातल्या एका माणसाबरोबर दादरपर्यंत पोचती केली. सोबत चिठ्ठी: मुलीचं नाव सेल्वी, मुलाचं कुगन. बाप तिकडच्या गोळीबारात गेला, आई आता नाही. मुलगी बोलत नाही, वयं कळली नाहीत, तुम्ही पाहून घ्यावं. तामीळ माध्यमाची शाळा लांब, एवढ्याशा पोरांना तिकडे रोज कोण नेणार, म्हणून अण्णा मराठी शाळेत आले होते.

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. छावणीतल्या पातळ भातावर दिवस काढलेली दोन पोरं. उवांसाठी दोघांचेही केस बारीक कापलेले, अंगात एकाच कापडाचे ढगळ शर्ट. मुलीने मुलाचा हात धरला होता आणि नाव सांगायला म्हणूनसुद्धा तो सोडत नव्हती. बाईंनी खुणेनेच दाखवलं, असा हात न्या, असा कान धरा. कुगनने हात नेला. मधल्या बोटाचं टोक कानाच्या वरच्या कडेला जेमतेम लागलं. सहा पूर्ण, पहिली, असं बाईंनी मोठ्याने जाहीर केलं आणि त्याला तिच्या हातातून सोडवून भिंतीच्या कडेने बसलेल्या पहिलीच्या रांगेत बसवलं. सेल्वी ते सगळं टक लावून बघत होती. मग तिची पाळी आली. तिनेही हात नेला आणि तिच्याही मधल्या बोटाचं टोक कानाच्या कडेला लागलं. अगदी तेवढंच, ना कमी ना जास्त.

बाई खूश झाल्या. जुळी आहेत म्हणाल्या. अण्णांना जरा शंका होती, मुलगी मोठी वाटते हो, असं ते पुटपुटले. त्यावर बाईंनी त्यांना ऐकवलं की अण्णा, तुम्ही ट्रॉम्बेत नकाशे मोजलेत, मी इथे पोरं मोजलीत. आणि रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात दोघांच्या नावांपुढे एकच तारीख लिहिली: एक जून एकोणीसशे एकोणऐंशी. त्या एका ओळीत एका मुलीची तीन वर्षं बुडाली. ते ध्यानात यायला पुढची संक्रांत उजाडावी लागली.

पहिलीचा वर्ग बाईंकडेच होता. कुगन महिन्याभरात रुळला. पहिल्यांदा त्याने मराठीतल्या शिव्या उचलल्या, मग खेळ, मग अक्षरं, या क्रमाने. दिवाळीपर्यंत तो चिंचोक्यांवरून पोरांशी हमरीतुमरीवर येऊन अस्सल मुलुंडच्या बोलीत ‘चल फूट ना यार’ असं म्हणायला लागला होता. बाई त्याचा कान पिळत आणि मनातून सुखावत. पोरगं भांडतंय म्हणजे जगणार, हा त्यांचा अनुभव होता.

सेल्वीचं मात्र काही कळेना. ती कुगनशेजारी बसे, त्याची पाटी पुसून देई, त्याचा डबा उघडून देई, तो लघवीला गेला तर दाराशी उभी राही. बोलायची नाही. हसायची नाही. मराठी तिला समजत होतं, कारण सांगितलेलं सगळं ती करायची. अभ्यास बेताचा. अक्षर सुंदर, पण गणितं हमखास चूक. मुलगी मंद आहे, पोटात अन्न नाही तर डोकं कुठून चालणार, असं बाईंनी ठरवून टाकलं आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्या डब्यात सरकवायला सुरुवात केली. काशीरामने हे ऐकल्यावर तो बाईंच्या डब्यात न विचारता दोन पोळ्या जास्त घालू लागला, आणि शुक्रवारी तळलेले बांगडे. बांगड्याचा काटा सेल्वी अशी सफाईने काढून भावाला भरवी की बाई बघत राहत. ही समुद्राकाठचीच पोर, आपल्यासारखी, एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बेडकाचा पाठ होता. परबबाई पाठ नुसता वाचून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. बेडूक म्हणजे बेडूक. त्यांनी पदर खोचला, दोन बाकांच्या मधल्या जागेत उकिडव्या बसल्या, डराँव असा आवाज काढला आणि उडी मारली. उडी झाली. पण खाली येताना साडीचा काठ बाकाच्या खिळ्यात अडकला, बाई बदकन बसल्या आणि दोन बाकांच्या मध्ये अशा काही फिट्ट बसल्या की पुढेही जाता येईना आणि उठताही येईना. पहिलीचा अख्खा वर्ग खिदळू लागला. कुगन आणि आणखी एक वीर एक एक हात धरून त्यांना ओढायला लागले आणि तेही त्यांच्या अंगावर पालथे पडले.

आणि सेल्वी हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाई खाली जमिनीवर, ती बाकावर, त्यामुळे तिचं तोंड बरोबर बाईंच्या डोळ्यांसमोर आलं होतं. बाईंनाही हसू फुटलं होतं, ते तिथल्या तिथे थांबलं. पहिलीच्या पोरांचे दात त्यांना तोंडपाठ होते. कुणाला पुढे खिंडार, कुणाचे तांदळाएवढे दुधाचे दात, कुणाचा एकच नवा दात फळीसारखा आलेला. या मुलीचे वरचे चार आणि खालचे चार, आठही दात नवे, मोठे, पूर्ण वाढलेले होते. बाजूची दुधाची दाढ पडून तिथेही नवी डोकावत होती. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात हे दात असतील तर मग बेडकालाही शिंगं असतील.

पोरांनी कसंबसं बाईंना उपटून काढलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलंच नाही. मुलांना चित्रं काढायला लावून त्यांनी सेल्वीची गणिताची वही उघडली. सात अधिक पाच, तेरा. नऊ अधिक सहा, सोळा. आठ अधिक चार, तेरा. सगळी उत्तरं चूक, आणि प्रत्येक उत्तर बरोबर एकाने जास्त. बाईंनी महिन्यामहिन्याची पानं उलटली. एकही गणित दोनाने चुकलेलं नव्हतं. असं चुकायचं तर आधी बरोबर उत्तर यावं लागतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी दोघांना थांबवून घेतलं. कुगनला पायरीवर चिंचोके खेळायला बसवला आणि सेल्वीला पाटी दिली. त्यावर लिहिलं सात अधिक पाच. सेल्वीने लिहिलं तेरा. बाई हळूच म्हणाल्या, “आता त्यातला एक काढून टाक.” सेल्वीचा हात थबकला. मग तिने बोटाने तिनाचा आकडा पुसला आणि तिथे दोन लिहिला, आणि मान वर केली नाही. बाईंनी पाटी पुसून एकशे चव्वेचाळीस भागिले बारा लिहिलं. तेही तिने करून दिलं, बाईंना न येणाऱ्या कुठल्याशा वेगळ्या मांडणीने, पण अचूक.

मग बाईंनी तिला तिची जन्मतारीख विचारली. बावीस वर्षांत त्यांनी ती आयांना विचारली, बापांना विचारली, कानाला विचारली. ज्याची ती असते त्या मुलाला विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. सेल्वीने उत्तर पाटीवर लिहिलं, अकरा मार्च एकोणीसशे शहात्तर. तिकडे ती तिसरीपर्यंत शिकलेली होती.

“मग हात पुढे का नाही नेलास गं?” बाईंनी विचारलं.

सेल्वीने पायरीवरच्या कुगनकडे पाहिलं. तिचं मराठी बाईंनी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. “अम्मा बोलली, त्याचा हात सोडू नको. बोटीत बसवलं तेव्हा बोलली. ती मागच्या बोटीत होती.” मागची बोट किनाऱ्याला लागलीच नव्हती, हे तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. आपण या मुलीला मंद म्हटलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. एवढीशी पोर सात महिने रोज मोजून एक जास्त लिहीत होती आणि आपण तिच्या अक्षराला शाबासकी देत होतो.

लाज वाटली की परबबाई कामाला लागत. जूनमध्ये सेल्वी चौथीत बसली पाहिजे, असं त्यांनी घरी जाईपर्यंत ठरवलंसुद्धा. नाहीतर सोळाव्या वर्षी सातवीत असेल, आणि तोवर अण्णांचं घर, अण्णांची तब्येत कुठे असेल कुणी सांगावं. अनाथ पोरीला शाळेत मागे पडणं परवडत नाही. पण त्यासाठी रजिस्टरमधली तारीख बदलायला हवी, आणि रजिस्टरमधली तारीख बदलणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. शिवाय नोंद बाईंच्याच हातची. उन्हाळ्यात मुख्याध्यापिका उत्तराबाई निवृत्त होणार होत्या आणि ज्येष्ठतेत पुढचं नाव परबबाईंचं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत घालणारी आणि तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या भावंडांना जुळी ठरवणारी बाई मुख्याध्यापिका होणार, हे वरच्यांना कितपत पटेल?

उत्तराबाईंनी त्यांना चहा पाजून समजावलं. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाल्या. वय लहान पडलं तर पोरीचा फायदाच आहे, लोक मुद्दाम लहान लावून घेतात. आणि खरंच, ज्याला त्याला हे सांगावं तो हेच म्हणत होता. घरी काशीरामनेही बांगड्याला मीठ लावता लावता तेच ऐकवलं.

“बराच झाला मा,” तो म्हणाला. “नोकरीत तीन वर्सां जास्त गावतली तिका.”

“चेडू रिटायर होवक पन्नास वर्सां आसत,” बाई पोरीची बाजू घेत म्हणाल्या. “आज ता खंयच्या वर्गात बसतला, ता सांग.”

काशीरामने जेवताना बाईंच्या ताटात एक बांगडा जास्त वाढला, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तासभर शिकवणी सुरू झाली. दुसरी, तिसरीची पुस्तकं बाईंनी जुन्या मुलांकडून गोळा केली. अट सेल्वीची एकच होती, कुगन नजरेसमोर हवा. तो पायरीवर चिंचोके खेळे, ती वाचे. कोरड्या जमिनीने पाणी प्यावं तशी ती पोर शिकत होती. पाढे येतच होते, आता त्यांचा मराठी ठेका तिने पकडला. फेब्रुवारीत ती भरभर बोलू लागली, आणि गंमत म्हणजे तिच्या मराठीत बाईंच्या मालवणीचा हेल आला. बाई शेवंतीबाईंना म्हणाल्या, ही जाफन्याची नाहीच, ही आमच्या मालवणाकडच्या देवबागची. पण जूनमध्ये चौथीत जायचं म्हटलं की सेल्वीचा चेहरा बंद व्हायचा. नाही, म्हणायची. कुगनबरोबर दुसरीत. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, पेरूची लालूच दाखवून पाहिली. पोरगी हलेना.

तिचं मन वळायची वाट न पाहता बाईंनी पालिकेच्या दवाखान्यातून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा वयाचा दाखला आणला आणि तारीख दुरुस्तीचा अर्ज टाकला. मार्चमध्ये चौकशीला बीट ऑफिसर आले. त्या भागातल्या शाळा तपासणारे हे साहेब, नाव मार्तंड वझे. रजिस्टरमधली खाडाखोड त्यांना शेजारच्या वर्गातूनही दिसते अशी त्यांची ख्याती होती. खुर्ची एकच, त्यामुळे ते बसले आणि परबबाई उभ्या राहिल्या. मुलीलाही बोलावलं होतं. ती अर्थातच भावाचा हात धरून आली.

वझेसाहेबांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं आणि एकदा पोरांकडे. शेवंतीबाईंच्या आणि काशीरामच्या स्वयंपाकाने सेल्वी नऊ महिन्यांत वीतभर वाढली होती. ही जुळी का, असं त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. मग साहेबांनी आवाज न चढवता बाईंची चांगली अर्धा तास हजेरी घेतली. बावीस वर्षांची नोकरी, पुढे मोठी जागा, आणि एवढी साधी बाब कळू नये? खुलासा काय लिहायचा? बाई म्हणाल्या, चूक झाली असं लिहा. साहेब म्हणाले, कारण लिहावं लागतं. बाई म्हणाल्या, कारण काही नाही, चूक झाली.

सेल्वीने बाईंना असं उभं राहून ऐकून घेताना कधी पाहिलं नव्हतं. ती बाईंकडे बघत होती, साहेबांकडे बघत होती. मग तिने ती गोष्ट केली जी तिने आईला दिलेल्या शब्दानंतर आपणहून कधी केली नव्हती. तिने कुगनचा हात सोडला आणि टेबलापाशी गेली.

“बाईंची चूक नाही,” ती म्हणाली. “मी हात आखडला.” आणि तिने उजवा हात डोक्यावरून नेला, डावा कान सबंध मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली.

“चूक माझीच, साहेब,” बाई म्हणाल्या. “मी तिला विचारलंच नाही.”

वझेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं चौकश्या केल्या, चूक अंगावर घ्यायला रांग लागलेली पहिल्यांदाच बघतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी लाल शाईने जुनी तारीख कापली, वर अकरा मार्च एकोणीसशे शहात्तर लिहिलं आणि सही केली. त्याच शाईने बाईंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेराही मारला. माणूस न्यायी होता, दोन्ही कामं त्याने सारख्याच सुवाच्य अक्षरात केली. मुख्याध्यापिकेची जागा त्या शेऱ्याने गेली. मे महिन्यात भांडुपच्या एक बाई त्या जागेवर आल्या. परबबाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. आठवडाभर त्या घरात भांडी जरा आपटतच होत्या. मग त्यांनी नव्या बाईंकडे एकच मागणी केली, मला यंदा चौथी द्या. ती लगेच मान्य झाली, कारण चौथीतल्या पोरांना सगळेच टरकून असत.

त्या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर एक नवीन रीत सुरू झाली. कान झाल्यावर बाई पोरालाच विचारत, तुझा वाढदिवस कधी रे? बहुतेक पोरं बोट तोंडात घालून बघत राहत आणि त्यांना आपली एक जून मिळे. पण विचारत मात्र सगळ्यांना.

शाळेच्या पहिल्या दिवशी सेल्वी कुगनला घेऊन चौथीच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली. दुसरीचा वर्ग मैदानापलीकडे होता. बाईंनी खिडकीजवळचा बाक तिच्यासाठी ठेवला होता, तिथून मैदान आणि दुसरीचं दार दोन्ही दिसे. तरी तिचा पाय उचलेना. तिने हात असा घट्ट धरला होता की कुगनची बोटं पांढरी पडली होती. तेवढ्यात पलीकडून दुसरीतल्या कुणीतरी हाक मारली, ए कुगन, चल ना, लंगडीला एक कमी आहे. कुगनने हिसका देऊन हात सोडवला आणि मागे न बघता धावत सुटला. धावता धावता कुणाला तरी ओरडून सांगत होता, माझी ताई चौथीत आहे, नाव सांगीन तुझं.

सेल्वी आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. रडेल असं बाईंना वाटलं. ती रडली नाही. आत आली, खिडकीशी बसली आणि दिवसभर तिने फळ्याकडे कमी आणि मैदानाकडे जास्त पाहिलं. बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही.

असे तीन आठवडे गेले. मग एके दुपारी, मोठ्या सुट्टीच्या जरा आधी, इतिहासाचं पुस्तक वाचता वाचता सेल्वीचं डोकं बाकावर टेकलं आणि तिला गाढ झोप लागली. एक पोरगा खिदळला, बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुस्तकात शिरला. दुसऱ्या दिवशी तेच. बाईंनी शेवंतीबाईंना विचारलं तेव्हा कळलं, ही पोर अंथरुणावर कुगनचं मनगट धरून बसते आणि सगळी झोपली तरी हिचे डोळे उघडे असतात. आली तेव्हापासून असंच. तेव्हापासून चौथीच्या वर्गात दुपारचं वाचन मनातल्या मनात व्हायला लागलं.

जुलैत वझेसाहेब तपासणीला आले तेव्हा हेच चाललं होतं. ते दारात थांबले. चाळीसेक पोरं ओठ न हलवता वाचत होती आणि खिडकीपाशी एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती. पालिकेच्या शाळेत वर्गात झोपायची सोय केव्हापासून झाली, असं त्यांनी बाईंना दबक्या आवाजात विचारलं.

“सगळ्यांना नाही, साहेब,” बाई तितक्याच हळू म्हणाल्या. “हिला एकटीला. हिची वर्षभराची झोप राहिलीय.”

साहेबांनी मुलीकडे नीट पाहिलं, ओळखलं, आणि शेऱ्यांच्या वहीत लिहिलं: इयत्ता चौथी, वर्गात शांतता उत्तम. मग चपलांचा आवाज न करता ते पुढच्या वर्गाकडे गेले.

सुट्टीची घंटा झाली. सेल्वी दचकून उठली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो भावाचं नाव. कुगन मैदानात आहे, असं बाईंनी सांगितलं. तिने खिडकीतून पाहिलं. कुगन एका पायावर लंगडत कुणाच्या तरी मागे लागला होता, नाक वाहत होतं, शर्टाचं बटण तुटलं होतं, आणि तो खूप मजेत होता. सेल्वीने क्षणभर ते पाहिलं आणि पुन्हा डोकं बाकावर ठेवलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चौथीतली ती द्वाड पोरं चपला हातात घेऊन एकेक करून वर्गाबाहेर गेली.